धीर देणारी घरे

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसांविषयी लिहायचे म्हटले की लेखणी आधी चर्चच्या इमारतीकडे वळते. इमारत कोणत्या मिशनने बांधली, पहिले पाळक कोण, घंटा कुठून आली. ही माहिती हवीच, आणि ती चिकाटीने गोळा करणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण छत्रपती संभाजीनगर शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या आठवणींचा हा संग्रह उघडणाऱ्या वाचकाला सुरुवातीलाच सांगते, की इथे इमारती फारशा भेटणार नाहीत. स्वयंपाकघरे भेटतील, दवाखान्याचे व्हरांडे भेटतील, वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट उपासनेला आलेला आणि दुसऱ्याच गीताला पेंगणारा बाप भेटेल.

लिहिणाऱ्या सर्वांना एकच प्रश्न विचारला होता: विश्वासात टिकून राहायला बळ कुठून मिळाले? उत्तरात प्रवचनांचा उल्लेख तुरळक आहे. मोठ्या मैदानावरच्या सभांचा त्याहून तुरळक. नावे येतात ती माणसांची. आजी, सासू, पाळकीणबाई, रविवार शाळेची बाई, चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणारी कुणी मावशी. काहींनी तर विश्वासाविषयी एक वाक्यही न लिहिता सगळा लेख एका माणसावर लिहून पाठवला. आधी वाटले, यांना प्रश्न कळला नाही. दोनतीन लेख वाचल्यावर ध्यानात आले, की त्यांचे उत्तर तेच आहे.

या उत्तराचे मूळ शोधायला जरा मागे जावे लागते. आपल्या भागात ख्रिस्ती विश्वास आला तेव्हा त्याचा पहिला आघात घरावरच झाला होता.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात तो शिकलेला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने श्रीपतला त्यांच्या स्वाधीन केले. मग पेच आला जातीचा. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला परत पंक्तीत घ्यायचे कसे? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी सुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण जांभेकरांच्या धैर्यासाठी सांगितले जाते, आणि ते रास्तच आहे. माझे लक्ष मात्र दर वेळी थोरल्या भावाकडे जाते. त्या निकालाने त्याचा भाऊ गेला. बापाशी त्याचे नाते कोर्टाच्या कागदावर येऊन संपले. ज्या विश्वासापायी हे सगळे घडले, तो विश्वास घेऊन तो आता कुणाच्या ताटाला ताट लावून जेवणार होता?

हेच नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड झाले आणि १८६० च्या दशकात जालन्याला आले. जालना आपल्या शहरापासून साठेक किलोमीटर. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. तिथे प्रार्थनामंदिर होते, शाळा होती, आणि मुख्य म्हणजे राहायला घरे आणि पाण्याला विहिरी होत्या. तिथे आलेली बहुतेक माणसे तेव्हाच्या गावगाड्याने अस्पृश्य ठरवलेल्या जातींतली. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, आणि ख्रिस्ती झाल्यावर स्वतःच्या भावकीतही जागा राहिली नाही. पोरीला स्थळ कोण आणणार, तिरडीला खांदा कोण देणार, बाळंतिणीजवळ रात्री कोण बसणार, हे प्रश्न त्यांच्यापुढे रोजचे होते. अशा माणसांच्या मंडळीला रविवारी सकाळी जमून गीते गाऊन पांगणे परवडणारे नव्हते. तिला घर व्हावेच लागले. ज्याचे स्वतःचे घर तुटले होते अशा माणसाने या भागात केलेले मोठे काम एक गाव वसवण्याचे होते, यात मला मराठवाड्यातल्या ख्रिस्ती जीवनाची सगळी दिशा दिसते.

आपल्या शहराची कथा थोडक्यात सांगते, कारण ती पुढच्या लेखांत तुकड्यातुकड्याने येणारच आहे. छावणीतल्या जुन्या चर्चला पलटणीचा इतिहास आहे. मराठी मंडळी इथे उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, चर्च मिशनरी सोसायटीच्या कामातून. तिचे पाळक रेव्हरंड रतनजी नवरोजी जन्माने पारशी. आपल्या समाजाची दारे मिटल्यावर काय होते हे त्यांनाही कुणी शिकवायला नको होते. वैजापूर-गंगापूरकडच्या खेड्यांत कॅथलिक काम रुजले ते नागपूर मिशनच्या फ्रान्सलियन धर्मगुरूंमुळे. घोगरगावच्या फादर गुरियन जाकिये या फ्रेंच माणसाला लोक जाकियरबाबा म्हणू लागले. फादर म्हणून आलेल्या परदेशी माणसाला खेड्याने आपल्या बोलीतला 'बाबा' करून टाकले, म्हणजे घरात घेतले. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. १९७७ साली औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. दोन्ही परंपरांची कुटुंबे या संग्रहात आहेत, स्वतंत्र मंडळ्यांमधलीही आहेत. मांडणी करताना त्यांचे वेगळे विभाग केलेले नाहीत. नणंद मिस्साला जाते आणि भावजय उपासनेला, अशी घरे इथे कितीतरी आहेत. पुस्तकाने त्यांना वेगळे बसवायचे काय कारण?

या साऱ्याचे सर्वांत खरे चित्र मराठीत आधीच लिहून ठेवलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान काय आहे हे मी सांगायची गरज नाही. ते विनोदासाठी वाचले जाते, निर्मळ भाषेसाठी वाचले जाते, रेव्हरंड टिळकांच्या तऱ्हेवाईकपणासाठीही वाचले जाते. माझी विनंती आहे, की ते एकदा या संग्रहाच्या प्रश्नासाठी वाचावे.

नारायण वामन टिळकांचा मार्ग पुस्तकांतून गेला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला, त्याने नवा करार हाती दिला. मग वाचन, पत्रव्यवहार, स्वतःशी वाद. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय झाला आणि इकडे लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत असून परका. पुढची काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. जातीच्या कठोरपणाबद्दल आपण बोलतो, पण त्या काळात त्यांना तगवले तेही त्या नातेवाइकांनीच. एका घराचा धीर होता म्हणून त्या दुसऱ्या घरापर्यंत पोचल्या. मग त्या नवऱ्याच्या जवळ राहायला आल्या, सोवळेओवळे सांभाळून, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. त्यांच्या मनातली जातीची गाठ कुणा पंडिताच्या युक्तिवादाने सुटली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे त्यांना आपल्या आपण उमगले, आणि उमगल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मधल्या वर्षांत काय घडत होते? कुणी त्यांना धर्म पटवून देत होते असे फारसे दिसत नाही. त्या माणसांमध्ये राहत होत्या, एवढेच. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांची लेकरे आजारी पडत होती, आणि ती लेकरे सांभाळायला लागत होती. पुढे त्यांच्या घरात दुसऱ्यांची मुले, अनाथ, वाट चुकलेले, रागावून घर सोडून आलेले, यांचा राबता कधी थांबला नाही. टिळक मुले घरी आणत आणि त्यांना काय खाऊ घालायचे हे लक्ष्मीबाई बघत. टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला गीते दिली. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, ते १९१९ नंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. पण मंडळी म्हणजे काय, याचे प्रात्यक्षिक त्यांच्या स्वयंपाकघरात झाले असे मी म्हणते, आणि ते टिळकांनाही मान्य झाले असते.

पंडिता रमाबाईंचे नाव इथे घेतलेच पाहिजे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला तेव्हा रक्ताचे म्हणावे असे जवळचे माणूस ती मुलगीच होती. त्यांनी केडगावला जे उभारले त्यात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा राहिल्या, शिकल्या, छापखाना चालवला. भुकेने घर जाताना पाहिलेल्या बाईने भुकेल्यांसाठी घर केले. त्यांच्या विद्वत्तेवर आपण खूप बोलतो. त्या घराला रोज किती धान्य लागत असेल याचाही विचार करावा.

आता आजच्या घरांकडे येते.

संभाजीनगरमधल्या ख्रिस्ती घरातली कौटुंबिक प्रार्थना ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. जेवणे झाली, भांडी विसळायची राहिली आहेत, टीव्ही कुणीतरी बंद करतो. वडील किंवा आजोबा शास्त्रातला भाग वाचतात; हल्ली बऱ्याचदा नातीला वाचायला लावतात, कारण तिचे मराठी वाचन इंग्रजी शाळेत मागे पडते आहे. एक गीत होते. 'उपासना संगीत' उशाशीच असते, पण पहिली दोन कडवी कुणी पुस्तकात पाहत नाही. मग आई प्रार्थना करते आणि ती लांबते. गावाकडच्या दिराचा कापूस, भाचीची दहावी, समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा गुडघा, कंपनीत कायम न झालेला मुलगा. धाकटा मध्येच डोळे उघडून मोबाइलकडे बघतो. एका लेखिकेने लिहिले आहे, की आपण घरात कुणाच्या लक्षात आहोत आणि कशासाठी, हे तिला लहानपणी आईच्या प्रार्थनेतून कळायचे. परीक्षेची भीती तिने कुणाला सांगितलेली नव्हती. त्या रात्री आईने देवाला सांगितली तेव्हा तिला कळले, की आईला ठाऊक आहे. तो लेख दोन पानांचा आहे. विश्वास मुलांपर्यंत कसा पोचतो यावर मी बरेच वाचले आहे, त्या दोन पानांत ते सगळे आहे. पौलाने तरुण तीमथ्याला पत्र लिहिताना त्याच्या आजीची आणि आईची, लोईस आणि युनीके यांची, नावानिशी आठवण काढली होती. ती आठवण शिष्टाचाराची नव्हती असे मला आता वाटते.

घराघरांत फिरणारी प्रार्थना ही दुसरी गोष्ट. उपवासकाळात चाळीस दिवस आज याच्या घरी, उद्या त्याच्या. हिचे वेळापत्रक ठरवताना आपल्या शहरात एक प्रश्न हमखास निघतो: त्या दिवशी त्या भागात पाणी येणार आहे का? नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते आणि ज्या संध्याकाळी येते त्या संध्याकाळी बाई घराबाहेर पडू शकत नाही. एका मंडळीत मग असे ठरले, की पाण्याच्या दिवशी त्याच गल्लीत प्रार्थना ठेवायची आणि सगळ्यांनी आधी टाक्या भरायला हात लावायचा. पाळकसाहेब पँट दुमडून पाइप धरून उभे आहेत असा एक फोटो या संग्रहासाठी आला होता. छापण्याइतका तो स्पष्ट नव्हता, त्याची हळहळ वाटते.

आणि घाटीतला डबा. मराठवाडाभरातून रुग्ण घाटी रुग्णालयात येतात. रुग्णाला खाट मिळते. बरोबर आलेल्या माणसाने कुठे झोपायचे आणि काय खायचे, हे त्याचे त्याने बघायचे. गंगापूर तालुक्यातली एक बाई नवऱ्याला घेऊन आली, शहरात ओळखीचे कुणी नाही. गावच्या मंडळीतल्या एकाने शहरातल्या एका मंडळीत फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी बाई स्टीलचा तीन पुडांचा डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभी. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, आणि सर्वांत खालच्या पुडात रुग्णासाठी मऊ खिचडी. रोज वेगळी बाई यायची, पण डबा तोच. महिला मंडळाने तो त्या कामासाठीच ठेवला होता आणि झाकणावर खिळ्याने क्रूस कोरला होता, अदलाबदल होऊ नये म्हणून. डबा घेऊन येणाऱ्या बायका फार बोलायच्या नाहीत. पाच मिनिटे बसायच्या, प्रार्थना करायच्या, रिकामा डबा घेऊन जायच्या. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीजवळ कुणी नाही हे कळल्यावर भाकरी वाढल्या. ती म्हातारी मुसलमान होती. नवरा वाचला नाही. ती बाई लिहिते, की देवाने माझे ऐकले नाही असे मी त्या वर्षी खूपदा म्हणाले, पण देव नाही असे म्हणता आले नाही, कारण डबा येत होता.

हे वाक्य मी कितीदा वाचले असेल. त्याच्यावर भाष्य करायची माझी ताकद नाही.

घराचा विषय काढला की आपल्याकडे भावकीचा विषय येतो, आणि तो टाळून हे पुस्तक प्रामाणिक राहिले नसते. मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे आजे-पणजे महार आणि मांग समाजातले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर त्यांच्याच सोयऱ्यांपैकी असंख्य घरांनी बुद्ध धम्म स्वीकारला. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाने याच शहरात त्या पिढीला शिक्षण दिले, त्यात ख्रिस्ती मुलेही शिकली. त्यामुळे एकाच आडनावाचे तीन चुलतभाऊ, एक बौद्ध, एक ख्रिस्ती आणि एक हिंदू, हे आपल्या शहरात नवल नाही. एकाच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन, दुसऱ्याच्या घरी नाताळ, आणि करंज्या-शंकरपाळ्यांची ताटे दोन्हीकडे फिरतात. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही नाही. गावात जातीची वागणूक मिळते तीच, कागदावर मात्र जात नाही. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी बापाला काय वाटत असेल? 'तुमच्या विश्वासाची किंमत मी का मोजू' असे मुलाने विचारल्याचा प्रसंग एका वडिलांनी लिहून पाठवला आहे. त्यांनी मुलाला काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. पुढे त्या मुलाची फी बौद्ध चुलत्याने भरली, एवढे लिहिले आहे. ख्रिस्ती घराला मिळालेला धीर दर वेळी ख्रिस्ती हातांनीच आला असा दावा या संग्रहात कुणीच केलेला नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे शंभरात एकही नाही. त्यांतले बरेच मुंबई-ठाणे-वसईकडे. मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात चारच ख्रिस्ती घरे असतात आणि त्या चार घरांतली मुले शाळेत एकेकटी असतात. अशांना दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत हजारोंच्या गर्दीत उभे राहिल्यावर काय वाटते, याचे वर्णन वाचण्यासारखे आहे. ती यात्रा १९४९ पासून भरते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हाही मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांनी टीव्हीसमोर बसून ते पाहिले. आपली मराठी आपलीच आहे हे त्या दिवशी कुणाला पटवून द्यावे लागले नाही.

मंडळीने धीर खचवल्याच्याही कथा आहेत, आणि त्या गाळू नयेत असे माझे पहिल्यापासून मत होते. पंचांच्या निवडणुकीवरून दोन तट पडतात, मालमत्तेचे दावे वर्षानुवर्षे चालतात, ज्या बाकावर आजोबा बसले तिथे नातू बसत नाही कारण शेजारी विरुद्ध गटाचा माणूस आहे. घटस्फोट झालेल्या मुलीला प्रभुभोजनाच्या वेळी कुणीतरी असे पाहिले, की ती पुन्हा आली नाही. जात चर्चच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहते असे म्हणायला आवडते, पण लग्न ठरवताना ती आत आलेली दिसते. जी तरुण मुले मंडळीपासून दुरावली त्यांपैकी दोघांनी मनापासून लिहिले आहे. त्यांना उत्तर देणारा लेख शेजारी छापावा अशी सूचना आली होती. ती मानली नाही. त्यांचे म्हणणे आधी नुसते ऐकून घ्यायला हवे; आपल्या मंडळ्यांत ऐकून घेणारी माणसे बोलणाऱ्यांपेक्षा कमी झाली आहेत, हे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या सभा, ध्वनिवर्धक, रोगमुक्तीच्या घोषणा यांचा ओढा मी समजू शकते. दुखणे घेऊन आलेल्या माणसाला गर्दीतही आधार वाटतो. पण सभा संपल्यावर मंडप उतरतो, आणि सोमवारी सकाळी त्या माणसाच्या दारात कोण जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

२०२० साली याची परीक्षाच झाली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण घराघरांत आला. पहाटे कबरस्तानात जाऊन उपासना करायची, कबरींवर फुले ठेवायची, मग चर्च. पिढ्यान् पिढ्यांचा हा क्रम त्या वर्षी थांबला. ज्या घरांत रात्रीची प्रार्थना होती त्यांनी बैठकीत चादर अंथरली आणि उपासना केली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना पाळकसाहेबांनी कॉन्फरन्स कॉलवर घेतले. एकाच वेळी पंधरा जण वेगवेगळ्या सुरांत गात आहेत आणि कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देतो आहे, असे ते गायन होते. पहिली मंडळी अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्यासारख्यांच्या घरांतच जमत होती, हे प्रवचनात नेहमी ऐकलेले तेव्हा अंगावर आले. दुसऱ्या लाटेत या शहराने खूप माणसे गमावली. त्या काळातले लेख मी सलग वाचू शकले नाही, वाचकांनीही सलग वाचू नयेत.

निवडीविषयी थोडे. लेख बोलीत आले असतील तर बोलीतच ठेवले आहेत. 'जय ख्रिस्त'ने सुरू झालेली पत्रे तशीच छापली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत, आणि गावांची नावेही जिथे ओळख पटेल तिथे गाळली आहेत. काही आज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचे बोलणे नातवंडांनी उतरवून घेतले. त्या उतरवण्यात नातवंडांनी मध्येच आपले प्रश्न घुसडले आहेत, तेही काढलेले नाहीत.

शेवटची एक विनंती. जुन्या कुटुंबांत पवित्र शास्त्राच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. कुठे शाई उडाली आहे, कुठे वाळवी लागली आहे. तुमच्या घरी असे शास्त्र असेल तर या आठवड्यात त्या पानांचे फोटो काढून ठेवा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि प्रत्येक नावाचे माणूस कसे होते हे विचारून दोन ओळी लिहून घ्या. जे विश्वास सोडून गेले, ज्यांच्याशी भांडण झाले, ज्यांना पूर्वी कुणी खोडून टाकले, त्यांच्याविषयीही विचारा.